तेरचं छप्पर आणि आमचं माळवद

अठरा मे, रविवार. काम: वडिलांच्या माळवदावर पांढरी माती टाकून घेणे.

डायरीत एवढंच लिहिलं होतं. त्याच्या खाली दुसरी ओळ होती, सिस्टरना तेर दाखवणे. मी सोलापुरात एका दवाखान्याच्या औषध भांडारात काम करते. सुट्टी फक्त रविवारची. त्यामुळे एका फेरीत दोन कामं बसवायची मला सवय आहे.

सिस्टर म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या सगळ्यांत जुन्या परिचारिका. जूनअखेर निवृत्त होणार होत्या. त्या बौद्ध. कार्ले, अजिंठा, पितळखोरे, सगळं बघून झालेलं, आणि घरापासून तासा-दोन तासांवर असलेलं तेर मात्र राहिलेलं. गुडघे दुखतात, एसटी बदलत जायला नको वाटतं, असं त्या वर्षभर म्हणत होत्या. वडिलांचं गाव वैरागच्या अलीकडे, तेर बार्शीच्या पुढे. रस्ता एकच. मी म्हटलं, माझ्या गाडीतून चला.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भिंती दगडमातीच्या, त्यांवर लाकडाच्या जाड तुळया, तुळयांवर बारीक लाकडांच्या कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपा आणि पाला, आणि सगळ्यांवर मातीचा सपाट थर. मधे उजेडासाठी एक भोक, त्याला सानं म्हणतात. पाणी गळू नये म्हणून मृगाच्या आधी वर पांढरी माती पसरतात. आई होती तोवर हे काम तिचं होतं. ती गेल्यावर माझ्याकडे आलं. भाऊ पुण्याला असतो, तो फोन करतो. बारा वर्षांत मी एकही मे चुकवला नाही, आणि हे मी नातेवाइकांत एक-दोनदा बोलूनही दाखवलं होतं.

सकाळी साडेसातला गावात पोचलो. मातीची ट्रॉली आदल्या दिवशीच अंगणात ओतलेली होती. तीन गडी आले होते. त्यांतल्या म्हाताऱ्या गड्याने माझ्याकडे बघून विचारलं, "अक्का, समदी टाकायची का?"

"सगळी. मागच्या वर्षी कोपऱ्यात गळलं होतं."

"व्हय. टाकतो की."

वडील आत बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, बाकी ठणठणीत. त्यांची बाज मधल्या खणात, बरोबर तुळईखाली. उन्हाळ्यात सगळ्यांत गार जागा तीच.

"सिस्टर आल्यात व्हय?" ते म्हणाले. "बसा. हात लावून बगा भितीला. बाहेर आग लागलीय आन हितं कसं हाय बगा. दरसाल गार हुतंय घर. पोरगी माती टाकती ना."

सिस्टरनी भिंतीला हात लावून कौतुक केलं. मला बरं वाटलं. मी गादी झटकायला घेतली तर चादरीवर पिवळसर पीठ पडलेलं. बोटाने चोळलं, लाकडाचं होतं.

"हे काय अण्णा?"

"त्ये रोजचंच. भुंगा लागलाय तुळईला. खाऊन खाऊन किती खाईल?"

मी चादर अंगणात नेऊन झटकली आणि परत घातली. घाई होती. जेवण झाकून ठेवलं, फोन चार्जिंगला लावून भिंतीतल्या देवळीत ठेवला, दुपारी दोनपर्यंत येते असं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि निघालो.

तेरला पोचायला दहा वाजले. गाव साधंच, गाडी लावायला जागा मिळाली. गल्लीतून थोडं चालल्यावर सिस्टरना बघायचं होतं ते जुनं देऊळ समोर आलं, आणि पहिल्यांदा मला ते देऊळ वाटलंच नाही. शिखर नाही. पुढे सपाट छताचा मंडप आणि त्यामागे विटांचं एक लांबट, पाठीकडे गोल होत गेलेलं बांधकाम, वर छप्पर पालथ्या पन्हाळीसारखं. त्याला गजपृष्ठ म्हणतात, हे सिस्टरनी सांगितलं. बसलेल्या हत्तीची मागची बाजू. खरंच तशी दिसत होती.

"आत आता त्रिविक्रम आहे," त्या म्हणाल्या. "पण मूळचा हा चैत्य होता, असं जाणकार म्हणतात. मागची बाजू गोल का, माहितीये?"

"का?"

"स्तूपासाठी. स्तूप गोल. त्याच्याभोवती फिरायचं, तर भिंतही गोलच पाहिजे. चौकोनात फिरलं की कोपऱ्यात पाय अडखळतो."

मी म्हटलं, हे पटण्यासारखं आहे. दवाखान्यातल्या कॉरिडॉरना हे कुणी सांगितलं असतं तर स्ट्रेचर इतकी आपटली नसती. सिस्टर हसल्या.

आत जाण्याआधी त्या बाहेरूनच एक फेरी मारायला निघाल्या, डावीकडून उजवीकडे, हात भिंतीजवळ ठेवून पण न टेकवता. पिशवीत मेणबत्त्या आणि पांढरी फुलं आणली होती, ती त्यांनी बाहेर काढलीच नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आत दुसऱ्याची पूजा चालू आहे. मी बघायला आले. बघते." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

समोरून बघितलं की मंडपाच्या छतावर मागच्या बांधकामाचा चेहरा दिसतो, घोड्याच्या नालेसारखी कमान. सिस्टर म्हणाल्या, लेण्यांत हीच कमान डोंगरात कोरलेली असते. आणि लेण्यांतली कमान ही त्याही आधीच्या लाकडी घरांची नक्कल. आधी लाकूड वाकवून छप्पर केलं, मग तेच दगडात कोरलं, आणि इथल्या लोकांकडे ना तसा डोंगर ना तेवढं लाकूड, म्हणून त्यांनी तेच विटांत रचलं. "आपल्याकडे आहे काय? माती. मग मातीचंच केलं."

आत काळोख होता. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही दिसेना. देवळाची झाडलोट करणारा एक वयस्कर माणूस कोपऱ्यात बसला होता, त्याने बॅटरी दिली. सिस्टरनी ती वर धरली.

"आता बघा. कमान नाही ही. आपण जशी कमान बांधतो तशी नाही. विटांचा एकेक थर बघा. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकलाय. दोन बोटं, दोन बोटं. दोन्ही बाजूंनी आत येत येत वर भेटलेत."

मी बघत राहिले. खांब नाही, तुळई नाही. वरचा प्रत्येक थर खालच्याच्या जीवावर पुढे झुकलेला. इतक्या विटा डोक्यावर आणि खाली आधार म्हणून काही नाही.

"हे पडत कसं नाही?" मी विचारलं.

"भिंती जाड आहेत, ओझं भिंतींवर जातं. आणि वीट हलकी आहे. मातीत भाताचं तूस कालवायचे, भाजताना ते जळून जायचं, आत भोकं राहायची. इथली वीट पाण्यात टाकली तर तरंगते म्हणतात. ज्याने हे बांधलं त्याला एकच काळजी होती, वर वजन नको."

मी माझ्या परीने हिशेब लावत होते. माळवदाची सवय, म्हणून मी त्या माणसाला विचारलं, "मग पावसाळ्याआधी ह्याच्यावर माती किती टाकता?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसला. "माती? ह्येच्यावर? बाई, हितं वर गवत आलं तरी जीव घाबरतोय. माती टाकली तर समदं बसल की खाली."

"आमच्या माळवदावर टाकतो ना दरवर्षी."

"त्ये येगळं. माळवदाची जुनी माती आदी खरडून काढायची आन मग नवी टाकायची. न्हाय तर दर साली वजन वाडत जातंय. आमच्या हितं दोन घरं अशीच बसली."

सिस्टरनी बॅटरी खाली केली. मला वाटतं, माझ्या तोंडाकडे बघून केली.

मी बारा वर्षांत एकदाही माती खरडली नव्हती. खरडतात हे मला माहीतच नव्हतं. लहानपणी माझं काम एकच, डोक्यावर चुंबळ ठेवून घमेली शिडीने वर न्यायची. वर न्यायची तेवढी आठवत होती. खाली आणलेली एकही आठवत नव्हती. आणि सकाळी, तीन तासांपूर्वी, मी तुळईचं पीठ चादरीवरून झटकलं होतं, तीच चादर परत घातली होती, आणि गड्याला सांगितलं होतं, सगळी टाका.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. वडील अकराला जेवतात आणि साडेअकराला झोपतात. तुळईखाली.

फोन लावला. वाजत राहिला. देवळीत ठेवलेला फोन त्यांना ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं आणि तो तिथे मीच ठेवला होता. गड्यांना वडिलांनी बोलावलं होतं, माझ्याकडे नंबर नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात लावला, ते कुटुंब लग्नाला लातूरला. "काय झालं ताई?" दुकानदार विचारत होता आणि मागे बँड वाजत होता. मी म्हटलं, काही नाही. गावातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर त्याच्याकडे मागायचं मला सुचलंच नाही.

"चला," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी बॅटरी परत दिली, एकदा आतल्या गोल भिंतीकडे बघितलं, आणि माझ्या आधी बाहेर पडल्या. वर्षभर वाट बघून आलेली बाई पाऊण तासात निघाली. ते मला नंतर लक्षात आलं.

तेर ते गाव हा रस्ता मी कसा काढला, ते नीट सांगता येत नाही. बार्शीत एका लग्नाच्या वरातीने रस्ता अडवला होता, ती पाच मिनिटं आठवतात. मी गाडी दामटायला लागले तसं सिस्टरनी डॅशबोर्डवर हात ठेवला.

"मॅडम, ऐंशीच्या वर नको. आपण दोघी उलटलो तर त्यांना उठवायला कोण जाईल?"

"ते आतच झोपतात."

"माहितीये. तरी ऐंशी."

दर दोन-चार मिनिटांनी त्या माझा फोन घेऊन वडिलांना लावत होत्या. वाजून बंद व्हायचा. मी मनात गडी किती वेगाने काम करतात ते मोजत होते. ट्रॉलीभर माती तिघं किती वेळात वर नेतील? सावलीला किती वेळ बसतील? आळशी असूदेत, असं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी मागितलं.

गडी आळशी नव्हते. घराच्या वळणावरून अंगण दिसलं तर मातीचा ढीग संपलेला. तिघं लिंबाखाली भाकरी खात होते. घर उभं होतं.

"झालं अक्का," म्हातारा गडी म्हणाला. "समदी वर नेली. आता भाकरी खाऊन पसरतो."

"पसरली नाही? मग आहे कुठे?"

"मदी ढीग घातलाय की. सान्याच्या कडंला."

सान्याच्या कडेला म्हणजे मधल्या खणावर.

"वर कुणी जायचं नाही," मी म्हटलं आणि आत गेले. सिस्टर मागून येत होत्या, त्यांना दारातच थांबा म्हटलं.

आत गार होतं. वडील पाठीवर झोपले होते, तोंड उघडं. चादरीवर, त्यांच्या बंडीवर, पांढऱ्या मिशांवर पीठ. सकाळी झटकलं त्याच्या तिप्पट. वर बघायचं नाही असं ठरवून मी वर बघितलं. तुळईच्या खालच्या अंगाला लांब चीर पडली होती आणि चिरेच्या आतलं लाकूड ताजं, पिवळं दिसत होतं.

मी त्यांना हलवलं. ते सावकाश जागे झाले.

"आलीस व्हय? चा टाकू का?"

"अण्णा, बाहेर चला."

"आँ?"

"बाहेर."

"ऊन हाय बाहेर. गारव्याला बस की जरा."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होते आणि मोठ्याने बोलायचीही भीती वाटत होती, आवाजानेच काही होईल की काय अशी. तेवढ्यात वरून करकर असा आवाज आला. नवी चप्पल वाजते तसा, बारीक आणि सावकाश. मग थांबला. मग पुन्हा. वडिलांना तो ऐकू आला नाही. ते बाजेवर उठून बसले, चष्मा शोधायला उशाखाली हात घातला, तो डोळ्यांवर चढवला, मग टोपी शोधायला लागले.

"टोपी राहू दे."

"बोडक्यानं भायेर जाऊ व्हय? सिस्टर हायत."

टोपी खुंटीवर होती, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मी ती आणायला चार पावलं गेले आणि परत चार पावलं आले. आजही झोपेत कधी कधी ती आठ पावलं मला चालावी लागतात. पुढे त्यांनी चपला मागितल्या. मी दंडाला धरलं आणि ओढलं. आयुष्यात बापाला कधी असं ओढलं नव्हतं. ते चिडले. दारात सिस्टरनी दुसरा दंड धरला आणि दवाखान्यात वापरतात त्या आवाजात म्हणाल्या, "चला बाबा, पाय उचला. तपासायचंय तुम्हाला." तपासायचंय म्हटल्यावर ते निमूट आले.

लिंबाखाली बसवलं. मी मागे वळून दार ओढून घ्यायला गेले, कुणी आत जाऊ नये म्हणून. दार अर्ध्यावर येऊन अडकलं. ढकललं, लागेना. ते दार माझ्या जन्माच्या आधीपासून एका बोटाने लागत होतं. चौकटीवर वरचं लाकूड टेकलं होतं.

म्हाताऱ्या गड्याने दाराकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि हातातली भाकरी फडक्यात गुंडाळली. "खरडलं न्हवतं व्हय कवा?" तो हळूच म्हणाला.

"नाही."

"आमाला वाटलं खरडलं आसंल. आमी काय इचारलं न्हाय."

पुढचं काम सरळ होतं आणि सरळ काम मला जमतं. गावात स्लॅब घालणारा एक जण आहे, त्याच्याकडून सेंट्रिंगच्या बल्ल्या आणवल्या. त्याने स्वतः आत जाऊन भिंतीकडून मधे असं एकेक टेकू लावले. संध्याकाळी तो बाहेर आला, अंग झटकलं आणि म्हणाला, आज पडत नाही, पण वरची माती उतरवल्याशिवाय आत झोपायचं नाही. वडिलांची बाज शेजारच्या ओसरीवर टाकली.

ते बाजेवर बसले. मग म्हणाले, "तुजी आय खरडायची."

"काय?"

"होळी झाली की खरडायची. चार दिस लागायचं. तू तवा साळंत आसायचीस."

"मग मला सांगितलं का नाही? बारा वर्षं?"

"तू कवा इचारलं? मला वाटलं खरडून घेत आसशील गड्यांकडनं." मग म्हणाले, "घर गार हुत हुतं. मी म्हटलं, पोरगी चांगली माती टाकती."

बारा वर्षं त्यांच्या डोक्यावर मी ओझं वाढवत होते, आणि तो गारवा आम्हा दोघांनाही माझी माया वाटत होता. सिस्टर पलीकडे बसून मेणबत्त्यांची पुडी पुन्हा पिशवीत नीट लावत होत्या. मी म्हटलं, तुमचं बघणं राहिलं. त्या म्हणाल्या, "बघितलं की. नीटच बघितलं आपण दोघींनी. मी इतकी लेणी फिरले, पण छपराकडे बघून अशी पळालेली बाई पहिल्यांदा पाहिली." मला हसू आलं.

रात्री त्या वैरागहून बस धरून सोलापूरला गेल्या, सोमवारी त्यांची ड्यूटी होती. मी रजेचा निरोप पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी शिडी लावून माळवदावर गेले. टेकू लावणाऱ्याने सांगितलं होतं तसं कडेकडेने, भिंतीच्या वरूनच पाय ठेवत. गडी तिघंही आले होते. त्यांना म्हटलं, आधी कालचा मधला ढीग, बसल्या जागेवरून लांब दांड्याच्या फावड्याने ओढून घ्यायचा, मग दोन्ही बाजूंनी सारखं खरडत यायचं. ढीग निघाला. मी भिंतीवरूनच लांब दांड्याचं फावडं सान्याच्या कडेला मारलं तर जुना थर आत गुडघ्याच्या वर खोल होता. पांढरा, करडा, पुन्हा पांढरा, एकेका वर्षाचा पापुद्रा वेगळा दिसत होता.

खाली वडील डोक्यावर टॉवेल टाकून उभे होते. "समदी काढू नकोस," ते ओरडले. "घर तापल."

"तापू दे," मी म्हटलं आणि पहिलं घमेलं भरून खाली दिलं.